काळी मोहरी घेऊन जिंकलेला डाव: कमावलेला की आंदण मिळालेला?

पटावरचा

गुकेश विश्वविजेता झाला त्या सिंगापूरच्या चौदाव्या डावाबद्दल अजूनही एक वाक्य हमखास कानावर पडतं: "अरे, डिंगने घालवला म्हणून मिळाला." मला ते पटत नाही. का पटत नाही ते सांगायला हा धागा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १२ डिसेंबर २०२४, सेंटोसा. तेरा डावांनंतर गुण ६.५-६.५. शेवटच्या डावात पांढरी मोहरी तेव्हाचा विश्वविजेता डिंग लिरेनकडे, काळी गुकेशकडे. बरोबरी झाली तर दुसऱ्या दिवशी जलद डाव, आणि जलद प्रकारात डिंगचं पारडं जड मानलं जात होतं. म्हणजे पांढरी असूनही बरोबरी डिंगलाच जास्त चालणार होती. तो खेळलाही तसाच. २९व्या चालीला आपणहून एक प्यादं देऊन त्याने वजिरावजिरी करून घेतली. थोड्याच चालींत पटावर उरलं काय, तर दोघांकडे एकेक हत्ती, एकाच रंगाच्या घरांतून फिरणारे एकेक उंट, काळ्याची तीन प्यादी, पांढऱ्याची दोन, सगळी एकाच बाजूला. कुठल्याही जाणकाराला विचारा, बरोबरी म्हणून सांगेल.

गुकेशने तिथे बरोबरीसाठी हात पुढे केला नाही. राजा पुढे आणला, प्यादी ढकलली, हत्ती या रांगेतून त्या रांगेत. वीसेक चाली हे चाललं. ५५व्या चालीला डिंगने हत्ती एफ२ या घरावर आणला आणि ५८व्या चालीला खेळ खलास.

माझं म्हणणं एवढंच: चूक डिंगची, कबूल. पण ती चूक करायची वेळ त्याच्यावर कोणी आणली? काळी मोहरी हातात, गमावलं तर सगळंच गेलं, आणि तरी हा पोरगा शांतपणे "अजून खेळू" म्हणतो. याला आंदण म्हणायचं का?

तुमचं मत सांगा. आणि काळ्याने जिंकलेले तुमच्या आठवणीतले डावही येऊ द्या.

उंटावरचा शहाणा

आयडीला जागून सांगतो, हा डाव गुकेशने जिंकला नाही, उंटाने घालवला.

चूक ती चूक. विश्वविजेतेपदाच्या शेवटच्या डावात स्वतःचा उंट कोपऱ्यात नेऊन ठेवायचा आणि वर हत्ती मारामारीला द्यायचा, हे आमच्या सोसायटीतल्या कट्ट्यावरही कोणी करत नाही. माजी विश्वविजेत्या क्रामनिकने डावाच्या दर्जावर जाहीर टीका केली ती उगाच नव्हे. गुकेश मोठा खेळाडू आहे यात वाद नाही, विश्वविजेत्याचा आव्हानवीर ठरवणारी उमेदवारांची स्पर्धा जिंकून तो तिथवर पोचला होता. पण हा विशिष्ट डाव कमावलेला वगैरे म्हणू नका राव.

शाल्मली_७

मध्येच घुसतेय, माफी असावी. एफ२ मध्ये नेमकं काय चुकलं ते कोणी माणसाच्या भाषेत सांगेल का? मला घोडा अडीच घरं जातो इथवर कळतं.

मिरजकर

@शाल्मली_७, पट समोर घ्या आणि मांडा. पांढरा: राजा जी१, हत्ती एफ४, उंट ए८, प्यादं जी३. काळा: राजा ई५, हत्ती बी२, उंट ई६, प्यादी एफ५ आणि जी४.

काळा राजा नुकताच ई५ वर येऊन पांढऱ्या हत्तीवर धावून गेलाय, त्यामुळे हत्ती हलवणं भाग. तो ए४ वर गेला असता तर काही बिघडत नव्हतं. डिंगने तो एफ२ वर आणला, काळ्या हत्तीच्या समोर. हिशोब असा असणार की हत्ती-हत्ती गेले की उंटांवर बरोबरी सोपी.

आता त्या ए८ च्या उंटाकडे बघा. पटाच्या मध्यावर उभ्या उंटाला दोन तिरक्या वाटा असतात. कोपऱ्यातल्याला एकच. काळ्याने हत्ती मारला, पांढऱ्या राजाने उलट मारला, आणि काळ्याने उंट अलगद डी५ वर ठेवला, बरोबर त्या एकुलत्या एक वाटेवर. आता पांढऱ्या उंटाला बी७ आणि सी६ ही दोनच घरं, दोन्ही माऱ्यात. पळायला जागा नाही, म्हणजे डी५ वर मारामारी करणं आलंच. काळ्या राजाने उलट मारलं. पटावर फक्त राजे आणि प्यादी. पांढरा राजा ई३ वर, काळा ई५ वर, समोरासमोर, मध्ये एक घर, आणि चाल पांढऱ्याची. त्याला बाजूला व्हावंच लागणार. तो हलला की काळा राजा तरी आत घुसतो, नाहीतर एफचं प्यादं पुढे सरकतं. एक प्यादं वजीर होणार हे दोघांनाही दिसत होतं, म्हणून तिथेच डाव सोडला.

उंट ए८ ऐवजी दुसऱ्या एखाद्या घरावर, दोन वाटा मोकळ्या असताना उभा असता, तर तीच हत्तीची चाल कदाचित कोणाच्या लक्षातही राहिली नसती. ५३व्या चालीला तो उंट कोपऱ्यात गेला तेव्हा काही बिघडलं नव्हतं. दोन चालींनी बिघडलं.

शाल्मली_७

दंडवत! नवऱ्याचा पट काढून मांडून पाहिलं. डी५ वर उंट ठेवल्यावर अक्षरशः "अगं बाई" म्हटलं.

काळाघोडा_फोर्ट

मिरजकर, झकास. धागा वाचनखूण म्हणून साठवला.

लायन_सिटीतून

मी त्या दिवशी सेंटोसाला होते. ऑफिसातून अर्धी रजा टाकून गेले. खेळाडू काचेच्या खोलीत, आवाज आत जाऊ नये म्हणून बंदोबस्त, आणि आम्ही बाहेर फोनवर इंजिनचा पट्टा (कोणाचं पारडं जड ते दाखवणारा) बघत बसलेले. बराच वेळ पट्टा मधोमध. माझ्या शेजारचे काका तमिळमध्ये कोणाला तरी फोनवर "उद्या जलद डाव, उद्या या" अशा अर्थाचं काहीतरी सांगत होते.

मग एफ२ पडलं आणि पट्टा एका झटक्यात काळा. आणि काचेपलीकडे ते दोघे तसेच शांत! आम्हाला कळलंय, त्यांना अजून नाही, ही काही सेकंदं भयानक होती. मग गुकेशचा चेहरा बदलला. हसू आवरेना त्याला. उठून फेरी मारून आला, परत बसला.

डिंगने हार मानून हात पुढे केल्यावर गुकेश रडला ते सगळ्यांनी पाहिलंय. मला जास्त लक्षात राहिलं ते त्यानंतरचं. डोळे पुसत पुसत त्याने सगळी मोहरी परत सुरुवातीच्या जागी लावली. एकेक प्यादं नीट घराच्या मधोमध. आणि पटाला नमस्कार केला.

पटावरचा

@लायन_सिटीतून, काय नशीबवान आहात! इथे भारतात दुपारी अडीचला डाव सुरू व्हायचा. निम्म्या महाराष्ट्राने त्या पंधरवड्यात ऑफिसात काम केलं नसणार.

उंटावरचा शहाणा

भावनिक प्रतिसादांचा आदर राखून एक आठवण करून देतो. गुकेशने नंतर स्वतःच सांगितलं की एफ२ पाहून तो आधी हत्ती बी३ वर न्यायच्या बेतात होता, मग उंट अडकतोय हे लक्षात आलं. म्हणजे ज्याने म्हणे वीस चाली चिकाटीने दबाव आणला, त्यालाही ताटात वाढलेलं आधी दिसलं नव्हतं.

काळाघोडा_फोर्ट

दिसलं ना शेवटी? हात मागे घेतला ना? तुम्ही असता तर बी३ खेळून मोकळे झाला असता आणि मग इथे धागा काढला असता, "पांढऱ्याने मला फसवलं" म्हणून. =))

नागपूरकर भाऊ

इतके प्रतिसाद झाले अन् अजून कोणी आमच्या दिव्या देशमुखचं नाव नाही घेतलं? बाप्पा रे!

२८ जुलै २०२५, जॉर्जियातलं बटुमी. महिला विश्वचषकाची अंतिम फेरी. समोर कोनेरू हम्पी, दोनदा जलद प्रकारात जगज्जेती. दोन मोठे डाव बरोबरीत, पहिला जलद डावही बरोबरीत, अन् दुसऱ्या जलद डावात दिव्याकडे काळी. जिंकली ना भाऊ! २.५-१.५. स्पर्धेला आली तेव्हा ग्रँडमास्तर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म (ठरावीक दर्जाची कामगिरी) तिच्याजवळ नव्हता, अन् तिथून उठली ती थेट ग्रँडमास्तर होऊन, भारताची ८८वी. त्याच स्पर्धेत त्याआधी झू जिनर, हरिका, तान झोंगयी, सगळ्यांना घरी धाडलं होतं.

ऐन उकाड्यात शंकरनगरापासून सीताबर्डीपर्यंत लोक बुद्धिबळावर बोलत होते. ज्यांना हत्ती सरळ जाते का तिरपा हे ठाऊक नाही, तेही.

अदिती_क

नागपूरकर भाऊ, जुलैत ऐन उकाडा? पाऊस असतो ना तेव्हा?

नागपूरकर भाऊ

पाऊस थांबला की जे होते ना नागपुरात, त्याला आम्ही उकाडाच म्हणतो. या एकदा.

उंटावरचा शहाणा

दिव्याचं कौतुक आहेच. पण बघा, तिथेही शेवटी हम्पीच वेळेच्या कचाट्यात सापडली आणि चुकली. म्हणजे माझाच मुद्दा. काळ्याने जिंकलेला डाव खणून पाहिला की खाली पांढऱ्याची चूक सापडतेच.

मिरजकर

शहाणे, पांढऱ्याने जिंकलेल्या डावाखाली काय सापडतं मग? सोनं? बुद्धिबळात कोणी चुकलंच नाही तर डाव बरोबरीत सुटतो, असंच आजवरचा अनुभव सांगतो. कोणीतरी चुकल्याशिवाय कोणीच जिंकत नाही. फरक एवढाच की पांढऱ्याला पहिल्या चालीचा फायदा असतो, मोठ्या स्पर्धांत त्याच्या वाट्याला साधारण ५५ टक्क्यांच्या आसपास गुण येतात. काळ्याला आधी ते देणं फेडायचं आणि मग वर कमाई करायची. वेळेचा कचाटाही आभाळातून पडत नाही. समोरचा प्रत्येक चालीला नवा प्रश्न घालतो, म्हणून घड्याळ संपतं.

बोरीबंदर

गुकेशच्या आधी त्याच्या गुरूने हे करून ठेवलंय हो. आनंद वि. टोपालोव्ह, विश्वविजेतेपदाची लढत, सोफिया, मे २०१०. बारावा आणि शेवटचा डाव. गुण ५.५-५.५. आनंदकडे काळी. स्थळ टोपालोव्हचं घरचं मैदान, बल्गेरिया.

त्याआधीचा प्रवासच काय होता! आइसलंडमधला ज्वालामुखी उसळला, राखेमुळे युरोपातली विमानं बंद, आणि आनंद फ्रँकफर्टला अडकलेला. शेवटी गाडीने निघाला, चाळीसेक तास रस्त्यावर. तीन दिवस मुदत मागितली, एकच दिवस मिळाला. पहिला डाव काळ्याने हरला. आणि शेवटचा काळ्यानेच जिंकला.

पण गंमत इथे आहे. सिंगापूरला डिंगला जलद डाव हवे होते म्हणून तो पांढऱ्याने सपक खेळला. सोफियाला टोपालोव्हला जलद डाव नको होते, कारण समोर आनंद, विजेचा वेग. म्हणून तो पांढऱ्याने बरोबरी टाळायला गेला, नको तिथे प्यादी मारत सुटला, आणि स्वतःच्या राजाभोवतीचं कुंपण उपटून बसला. आनंद लास्कर बचाव खेळला होता. वजिराच्या गँबिटमधला जुना, रुक्ष, कोणाला उत्साह वाटणार नाही असा बचाव. त्यातून ५६ चालींत राजाची शिकार. एक भित्रेपणाने गेला, एक धिटाईने. दोघेही पांढऱ्याने गेले.

जुनाजाणता

मॉस्को, ९ नोव्हेंबर १९८५ विसरलात काय? कार्पोव्ह वि. कास्पारोव्ह, चोविसावा डाव. कास्पारोव्ह एका गुणाने पुढे. कार्पोव्हने जिंकला असता तर १२-१२ होऊन मुकुट त्याच्याकडेच राहिला असता. पांढरी कार्पोव्हकडे, जिंकणं भाग. कास्पारोव्ह सिसिलियन बचाव खेळला आणि काळ्यानेच जिंकून १३-११ केलं. वय २२. सर्वात तरुण निर्विवाद विश्वविजेत्याचा तो विक्रम टिकला तो थेट गुकेशपर्यंत. गुकेश १८चा. दोघांनीही शेवटच्या डावात काळ्याने जिंकून मुकुट घेतला, हे योगायोगाने का होईना, पण भारी आहे.

आणि १९७२ रेक्याविक, फिशर वि. स्पास्की. फिशर पहिला डाव हरला, दुसऱ्याला आलाच नाही, ०-२. तिसरा डाव त्याच्या हट्टापायी प्रेक्षक आणि कॅमेऱ्यांपासून दूर मागच्या एका खोलीत खेळवला. काळी फिशरकडे. अकराव्या चालीला घोडा एच५ वर, पटाच्या काठावर, आपली प्यादी मोडू देऊन. आम्हाला शिकवताना सांगायचे, काठावरचा घोडा लंगडा. तिथे तोच घोडा डाव जिंकून गेला. त्याआधी फिशरने स्पास्कीला एकदाही हरवलेलं नव्हतं. आणि ती लढत संपली तो एकविसावा डावही काळ्याचाच. तहकूब झाला होता, स्पास्कीने दुसऱ्या दिवशी फोनवरून सोडला.

काळाघोडा_फोर्ट

फोनवरून डाव सोडणे! आमच्याकडे फोनवरून फक्त स्थळाला नकार देतात.

अदिती_क

मला जरा वेगळं विचारायचंय. लेक नऊ वर्षांची आहे, शाळा आणि जिल्हा पातळीवर खेळते. जोड्यांचा कागद लागला की आधी रंग बघते आणि काळी असली की तोंड पाडून बसते. परवा तर मंगल कार्यालयात, टेबलांच्या रांगेत, घड्याळ सुरू व्हायच्या आधीच डोळ्यांत पाणी. प्रशिक्षक म्हणतात, होईल सवय. पण काळीची इतकी भीती का वसते पोरांत?

मिरजकर

कारण आपणच वसवतो. डाव संपवून आलं की पहिला प्रश्न "कुठली होती?" आणि काळी म्हटलं की "बरं, मग ठीक आहे." झालं. पोराला कळतं की काळीने हरणं माफ असतं.

आमच्या मुलांना मी महिनाभर घरी फक्त काळी देतो. पटही तसाच लावतो, त्यांच्या बाजूला कायम काळी. पहिल्या चालीला काय करायचं याचं ओझंच नसतं हे एकदा त्यांना कळलं की खुलतात. समोरचा आधी बोलतो, तुम्ही उत्तर द्यायचं. काही पोरं मुळात उत्तर देण्यात हुशार असतात.

सांगलीचा_पाव्हणा

अनुमोदन. आमच्या सांगलीत उन्हाळ्यातल्या स्पर्धांना एक आजोबा यायचे. पांढरी आली की वैतागायचे. "आता मला विचार करावा लागणार," म्हणायचे. काळी आली की पान लावून निवांत. समोरच्या तरण्या पोराला वाटायचं म्हातारा झोपला. पस्तिसाव्या चालीच्या सुमारास म्हातारा जागा व्हायचा आणि पोराचं घोडं गायब झालेलं असायचं.

अदिती_क

हा हा! हे आजोबा तिला दाखवायला हवेत. मिरजकर, घरी काळी द्यायची युक्ती करून बघते.

टेनिसबॉल

एक बाळबोध प्रश्न. आर्मागेडन म्हणतात त्यात लोक मुद्दाम काळी मागून घेतात असं ऐकलं. ते का?

काळाघोडा_फोर्ट

त्यात बरोबरी झाली तर काळा जिंकला असं धरतात. मोबदल्यात काळ्याला घड्याळात वेळ कमी. अदितीताई, लेकीला आर्मागेडनलाच घाला, काळीसाठी भांडेल.

नाशिकची_द्राक्षं

आमच्या विदित गुजराथीला सगळे विसरले! एप्रिल २०२४, टोरंटो, उमेदवारांची स्पर्धा, दुसरी फेरी. पांढरी अमेरिकेच्या नाकामुराकडे, जो महिनोन् महिने मोठ्या डावांत हरला नव्हता. विदितने अकराव्या चालीला उंट एच३ वर फेकला, राजापुढचं प्यादं खाऊन. अकराव्या! समोरचा अजून नीट बसलाही नव्हता. तो डाव काळ्याने सरळ जिंकला. यात पांढऱ्याने शेवटच्या घटकेला वेंधळेपणा केला वगैरे काही नाही. नवव्या फेरीत पांढरी घेऊन नाकामुराला परत हरवलं ते वेगळंच.

उंटावरचे शहाणे, हा कमावलेला म्हणाल की हाही उंटाने घालवला?

उंटावरचा शहाणा

हा कमावलेला. शंभर टक्के. इथे काळ्याने आधी काहीतरी केलं आणि पांढऱ्याला त्याचं उत्तर सापडलं नाही. माझा आक्षेप काळ्या रंगाला नाही. सिंगापूरच्या डावात काळ्याने नेमका कुठला प्रश्न घातला होता, एवढं सांगा. ५४व्या चालीला पांढऱ्याला कसला धोका होता? कसलाही नाही.

पटावरचा

कामात अडकलो होतो, आत्ता सगळं वाचलं. मूळ प्रश्नावर येतो.

शहाणे, त्याच लढतीचा पहिला डाव आठवा. गुकेशकडे पांढरी, डिंग फ्रेंच बचाव खेळला आणि काळ्याने जिंकला. गुकेशने जरुरीपेक्षा जास्त जोर लावला आणि पडला. तेव्हा कोणी म्हणालं नाही की डिंगला आंदण मिळाला. सगळे म्हणाले, काय शांतपणे बचाव केला बघा. चौदा डावांपैकी पाचच निकाली, त्यातले दोन काळ्याने जिंकलेले, पहिला आणि शेवटचा. एकाला कौतुक आणि दुसऱ्याला भीक, हे कसं?

आणि धोक्याचं म्हणाल तर पटावर नव्हता, कबूल. घड्याळावर होता. गुकेशकडे वेळ भरपूर, डिंगकडे मोजकी मिनिटं आणि चालीला मिळणारे तीस सेकंद. अशा वेळी एक प्यादं कमी असताना, उत्तर बरोबर असलं तरी ते दर चालीला नव्याने शोधावं लागतं. २९व्या चालीला प्यादं देऊन डिंगने ही वेठबिगारी आपणहून पत्करली होती. ती तो कुठवर निभावतो हे गुकेश बघत बसला. काळ्याच्या जागी दुसरा कोणी असता तर चाळिसाव्या चालीलाच "चला, उद्या भेटू" म्हणाला असता. मी तरी नक्कीच म्हणालो असतो.

उंटावरचा शहाणा

पहिल्या डावात डिंगने उलट हल्ला केला होता, तिथे धोका पटावर होता. घड्याळाचा मुद्दा मान्य, तो तुम्ही मूळ धाग्यात घातला असतात तर वीस प्रतिसाद वाचले असते. पण "बघत बसला" हे तुमचेच शब्द. बघत बसणाऱ्याला मी चिवट म्हणेन. त्या डावाचा शिल्पकार म्हणणार नाही.

लायन_सिटीतून

चिवट म्हटलंत, तेवढंही पुरे आहे. एक सांगायचं राहिलं: पत्रकार परिषदेत डिंग म्हणाला की त्याला खंत नाही, निकाल रास्त आहे. स्वतःच्या चुकीने हरलेल्या माणसाचं त्याबाबतचं मत इथल्या सगळ्यांपेक्षा जड धरायला हरकत नसावी.

उंटावरचा शहाणा

तो सभ्य माणूस आहे, मी नाही.

जुनाजाणता

अवांतर: तो ए८ चा उंट मुळात ३२व्या चालीलाही ए८ वरच आला होता, हत्तीच्या मारामारीत. तिथून बाहेर पडून पटभर हिंडला, आणि ५३व्या चालीला परत तिथेच. त्या घराशी काय जडलं होतं कोण जाणे.

अदिती_क

धागा भरकटवतेय, पण विचारते: नऊ वर्षांच्या मुलीला काळीसाठी कुठला बचाव शिकवावा? सिसिलियन की फ्रेंच?

मिरजकर

कुठलाच नको इतक्यात. मोहरी बाहेर काढ, राजा किल्ल्यात घाल, एवढं पुरे. त्याऐवजी राजा आणि एक प्यादं वि. राजा, हे रोज दहा मिनिटं खेळवा, आलटून पालटून दोन्ही बाजूंनी. समोरासमोर राजे आल्यावर चाल कोणाची हे तिला झोपेत कळायला हवं. वरची ५८वी चाल तिला दाखवा आणि विचारा, पांढऱ्याने इथे डाव का सोडला? पटकन सांगू नका. संध्याकाळपर्यंत विचार करू दे.

शाल्मली_७

मीही करून बघते. राजा बाजूला घेतला, डी३ वर. आता काळ्याने काय?

मिरजकर

एफचं प्यादं पुढे सरकवा, एफ४. तुमच्या जीच्या प्याद्याने ते मारा, काळ्या राजाने उलट मारा. आता काळ्याचं जीचं प्यादं आणि राजा. पुढचं तुम्ही सांगा, मी वाट बघतो.